पंधरा हजार फुटांवर अडकलेलं हँडल

२० सप्टेंबर २०२५. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तर भागात, ऊस आणि केळीच्या मुलखात, टली नावाचं गाव आहे. तिथल्या छोट्या विमानतळावरून एक सेसना कॅरव्हॅन विमान उडणार होतं. आत एक वैमानिक आणि सतरा स्कायडायव्हर. सोळा जणांनी हवेत एकमेकांना धरून आकृती करायची आणि सतराव्याने तिचं चित्रीकरण करायचं, असा बेत होता. त्या दिवशी एक पॅराशूट नको तिथे, नको त्या क्षणी उघडलं. कुणाचाही जीव गेला नाही, पण अठरा माणसांचा मृत्यू काही काळ त्या विमानाच्या शेपटीला लोंबत होता.

अशा प्रसंगाची उलटी मोजणी विमानाच्या दारापासून सुरू होत नाही. ती फार मागून, एका बंद खोलीतल्या टेबलावरून सुरू होते.

काही महिने आधी

स्कायडायव्हरच्या पाठीवरच्या पिशवीला कंटेनर म्हणतात. तिच्यात दोन पॅराशूट असतात, खालच्या कप्प्यात मुख्य आणि वरच्या कप्प्यात राखीव. मुख्य पॅराशूटची घडी उडी घेणारा स्वतः घालू शकतो. राखीवची घडी मात्र परवाना असलेला रिगरच घालतो, कप्पा मिटतो आणि दोरा ओवून सील लावतो. अमेरिकेत ही घडी दर १८० दिवसांच्या आत सोडून, तपासून पुन्हा घालावी लागते, मधल्या काळात ती एकदाही वापरली नसली तरी.

राखीव कप्प्याची झाकणं एका दोरीच्या लूपमध्ये घुसवलेल्या धातूच्या पिनेवर मिटलेली असतात. पिनेला केबल, केबलला हँडल, आणि हँडल डाव्या बाजूला छातीखाली. आत स्प्रिंग दाबून बसवलेलं छोटं पायलट पॅराशूट असतं. हँडल ओढलं की पिन सुटते, स्प्रिंग उसळते, छोटं पॅराशूट वाऱ्यात जातं आणि मोठ्याला ओढून बाहेर काढतं.

हे सगळं सहज उघडावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. मुख्य पॅराशूट बिघडलंय, माणूस गरगरतोय, हातात काही सेकंद आहेत, अशा वेळी हँडल अडून बसलं तर माणूस संपला. म्हणून ते जड करता येत नाही, कुलूपबंद करता येत नाही. ओढणारा हात माणसाचा आहे की पत्र्याची एखादी कड, हे त्या पिनेला कळत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. चुकून उघडण्यापासून बचाव त्या यंत्रात घालता येतो तो थोडाच. बाकीचा सगळा माणसांच्या डोळ्यांत आणि बोटांत असावा लागतो.

तासभर आधी: जमिनीवर

अशा उडीआधी गिअर तीनदा तपासायचं अशी शिस्त आहे. एकदा अंगावर चढवण्याआधी, एकदा विमानात चढण्याआधी आणि एकदा दार उघडण्याआधी. पहिली तपासणी टेबलावर, शांतपणे होते.

मुख्य कप्प्याचं झाकण उचललं की खाली वाकडी पिन दिसते आणि ती ज्यातून गेली आहे तो लूप. बोटाच्या पेराएवढी ही दोरी. शंभर-दीडशे उड्यांत पिन तिच्यावर घासत राहते, दोरीचे धागे फुलारतात, एखाद-दुसरा तुटतो. नखाने उकलून पाहिलं तरच ते दिसतं; वरवर पाहणाऱ्याला दोरी धडधाकट वाटते. लूप झिजलेला असला तर विमानातच तुटू शकतो. तो लांब झाला असला तर पिनेवर ताण राहत नाही, ती सैल बसते, आणि पाठ कुठे घासली की सरकते. नवा लूप काही रुपयांत होतो आणि बसवायला दहा मिनिटं लागतात. तरीही जगभरच्या अपघातांच्या नोंदींत झिजलेला लूप पुन्हा पुन्हा भेटतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग पायलट पॅराशूट. मुख्य पॅराशूटचं हे छोटं भावंड कंटेनरच्या तळाशी, कमरेखाली, ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या खिशात खोचलेलं असतं. खिसा जुना होऊन ढिला पडला की ते थोडं बाहेर डोकावू लागतं. त्याला मुख्य पॅराशूटशी जोडणारी पट्टी झाकणाखाली नीट दडवलेली हवी. तिचा बोटभर फुगवटा बाहेर राहिला तरी कुणाचा बूट, सीटची कड किंवा वारा तिला पकडू शकतो.

याच वेळी स्वयंचलित यंत्र चालू करतात. माणूस बेशुद्ध पडला किंवा भान हरपून पडत राहिला, तर ठरलेल्या उंचीवर हे यंत्र राखीव पॅराशूटचा लूप कापतं. जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांचं ‘सायप्रेस’ १९९१ मध्ये आलं आणि या खेळातले कितीतरी मृत्यू टळले. पण यंत्राला फक्त उंची आणि पडण्याचा वेग समजतो. उडी रद्द झाली आणि विमान माणसांसकट झपाट्याने खाली आणलं, तर ते विमानाच्या आतच राखीव उघडू शकतं. म्हणून स्कायडायव्हर आत असताना वैमानिकाने हळू उतरायचं असतं.

अर्धा तास आधी: विमानाजवळ

दुसरी तपासणी जोडीदार करतो, कारण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. तीन पट्टे, तीन हँडलं आणि दोन्ही खांद्यांवरच्या तीन-तीन कड्या, असा क्रम बहुतेकांच्या जिभेवर असतो. पट्टा पिळलेला नाही ना, हँडल आपल्या खिशात पूर्ण बसलंय ना, त्याच्यावर जाकिटाची बाही किंवा कॅमेऱ्याची वायर आलेली नाही ना.

कपड्यांचा मुद्दा आला की मला पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच पॅराशूट उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाला त्यांनी सुमारे १३,००० फुटांवरून नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याचे फोटो कौतुकाने झळकले होते. कौतुक करावं असंच ते होतं. पण त्या फोटोकडे पाहताना मनात येतं ते वेगळंच. सव्वाआठ मीटर कापड, त्याच्यावर हार्नेस, हेल्मेट, गॉगल. पडताना वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. पदराचं एक टोक जरी सुटलं असतं तरी ते छातीवरच्या हँडलवर येऊ शकलं असतं, किंवा पाठीमागे पायलट पॅराशूटच्या दोरीत गुंतू शकलं असतं. त्या उडीतलं खरं कसब मला नेसणं आणि बांधणं यात दिसतं, विमान उडण्याच्या आधीचं.

वीस मिनिटे आधी: चढण

कॅरव्हॅन काही प्रशस्त विमान नव्हे. सतरा माणसं पाठीवर बोजे घेऊन एकमेकांच्या पायांत पाय घालून बसलेली असतात. पंधरा हजार फुटांवर जायला वीसेक मिनिटं लागतात आणि त्या वेळात माणूस स्वस्थ बसत नाही. कुणी हेल्मेट घालायला वळतो, कुणी गुडघ्यावर उभा राहतो, कुणी मागच्याच्या बोज्याला टेकतो. सीटबेल्ट सोडताना तो हँडलमागे अडकतो. जमिनीवर केलेली तपासणी या धक्काबुक्कीत जुनी होऊन जाते.

सप्टेंबरच्या अखेरीस आमच्या हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन काढणीला येतं. मळणी यंत्रापाशी उभी राहणारी बाई आधी पदर कमरेला घट्ट खोचते, गडी गळ्यातला गमछा काढून ठेवतो. तसं न केल्यामुळे काय होतं हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. अंगावरचं सुटं टोक आणि जवळच असलेलं यंत्र, धोका एवढ्यावरच उभा असतो. विमानात फक्त उंची वेगळी.

सीटवरून उठण्याच्या साध्या हालचालीने काय घडू शकतं याचा सगळ्यात भयंकर दाखला १६ नोव्हेंबर १९५९चा आहे. अमेरिकी हवाई दलाचे कॅप्टन जोसेफ किटिंगर न्यू मेक्सिकोवर फुग्याला टांगलेल्या उघड्या गोंडोलात बसून ७६,४०० फुटांवर पोचले होते. अतिउंचीवरून बाहेर पडावं लागलेल्या वैमानिकाचा जीव कसा वाचवायचा, हे ‘एक्सेलसियर’ प्रकल्पात तपासायचं होतं. तेवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ की माणूस पडताना भोवऱ्यासारखा फिरू लागतो. म्हणून फ्रान्सिस बोप्रे यांनी टप्प्याटप्प्याने उघडणारं पॅराशूट तयार केलं होतं. आधी टायमरने एक छोटं स्थिरक पॅराशूट उघडायचं, मोठं खूप खाली आल्यावर.

किटिंगर उठू लागले तेव्हा पाठीखालची उपकरणांची पेटी सीटमध्ये अडकली. त्या ओढाताणीत टायमरची दोरी आधीच ओढली गेली आणि ते त्यांना कळलं नाही. त्यांनी उडी घेतली आणि अवघ्या अडीच सेकंदांत छोटं पॅराशूट बाहेर आलं. अजून वेग नव्हता, हवा नव्हती. ते फुगलंच नाही. लुळ्या दोरीसारखं त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळलं गेलं. शरीर मिनिटाला १२० फेऱ्यांनी फिरू लागलं आणि ते बेशुद्ध झाले. ठरलेल्या उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप सुटलं, तेही आधी गुंतलं. पण बोप्रे यांनी राखीवच्या पायलट पॅराशूटची दोरी मुद्दाम ताण आल्यावर तुटेल अशी ठेवली होती. ती तुटली, मोठं कापड मोकळं झालं आणि किटिंगर जमिनीवर जिवंत उतरले. २५ दिवसांनी, ११ डिसेंबरला, ते पुन्हा वर गेले आणि ७४,७०० फुटांवरून उडी घेतली. १९६० च्या ऑगस्टमध्ये १,०२,८०० फुटांवरून.

दोन मिनिटे आधी: दार

तिसरी तपासणी इथे, विमानात. पुढच्याच्या पाठीवरचं झाकण उचलून पिन पाहायची, झाकण मिटायचं, खांद्यावर थाप द्यायची. प्रत्येकाने आपली तिन्ही हँडलं हाताने चाचपायची. डोळ्यांनी पाहणं पुरेसं नाही, हात लागला पाहिजे, कारण प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हा हातालाच ती सापडायला हवीत.

दार उघडलं की विमानाच्या आतला नियम बदलतो. बंद दारात कुणाचं पॅराशूट सुटलं तर ते छातीशी कवटाळून ठेवायचं, सगळ्यांनी मिळून दाबून धरायचं. उघड्या दारातून त्यातलं हातभर कापड जरी बाहेर गेलं, तर ज्याचं ते पॅराशूट त्याने तत्क्षणी त्याच्यामागून उडी घ्यायची. तो थांबला तर कापड वाऱ्याने भरेल आणि त्याला दाराच्या चौकटीतून ओढून नेईल. चौकट, शेपूट, इतर माणसं, काहीही मध्ये येऊ शकतं. ऐकायला क्रूर वाटणारा हा नियम नव्या शिकाऊ माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, आणि सांगायलाच हवा.

हँडल हाताने जपण्याची सवय लष्करात कवायतीतच बांधलेली असते. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, टांगाईलवर पॅराशूटने उतरलेली भारतीय सेनेची २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. अशा सैनिकी उडीत मुख्य पॅराशूट विमानाला अडकवलेल्या स्टॅटिक लाइनने आपोआप उघडतं, राखीव पुढच्या बाजूला पोटावर असतं, आणि दाराकडे सरकताना त्याच्या हँडलवर हाताचं संरक्षण ठेवायला शिकवतात. खेळातल्या स्कायडायव्हरला तेवढी मोकळीक नसते. मोठ्या आकृतीसाठी पहिल्या काही जणांना दाराबाहेर जाऊन, विमानाच्या अंगाला धरून लटकावं लागतं, म्हणजे सगळे एकदमच सुटतील. दोन्ही हात पकडीत गुंतलेले. हँडलवर ठेवायला हात उरत नाही.

शून्य

टलीवर विमान १५,००० फुटांवर पोचलं. वैमानिकाने इशारा दिला. पहिला स्कायडायव्हर दाराबाहेर सरकू लागला.

पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप असतो, वेग कमी ठेवण्यासाठी खाली झुकणारी फळी. त्याच्या राखीव पॅराशूटचं हँडल त्या फ्लॅपमध्ये अडकलं. पिन सुटली. राखीव पॅराशूट वाऱ्यात गेलं आणि क्षणात त्याला मागे खेचलं. त्या धक्क्याने दाराशी असलेला चित्रीकरण करणारा खाली फेकला गेला. पहिल्याचे पाय शेपटीच्या डाव्या आडव्या पंखावर आदळले, तो पत्रा चेमटला, आणि पॅराशूट त्याच पंखाभोवती गुंडाळलं गेलं. माणूस विमानाच्या शेपटीखाली दोऱ्यांना लोंबू लागला.

कॉकपिटमध्ये वैमानिकाला एवढंच जाणवलं की विमानाने एकदम नाक वर केलंय आणि वेग झपाट्याने उतरतोय. विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग घटून पंखांची उचल सुटली, असं समजून त्याने कंट्रोल पुढे दाबला आणि इंजिनाचा जोर वाढवला. त्या समजुतीत ते बरोबरच होतं. मग मागून ओरडा आला की शेपटीला माणूस अडकलाय. त्याने जोर कमी केला.

शून्यानंतरची मिनिटं

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर त्या माणसाने पुढे काय केलं त्याची किंमत कळणार नाही. मुख्य पॅराशूट बिघडलं तर ते सोडून देता येतं. उजवीकडचं हँडल ओढलं की खांद्यावरची तीन कड्यांची रचना सुटते आणि पॅराशूट निघून जातं. बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात शोधलेली ही रचना आज जगभर वापरतात. राखीवला अशी कडी नसते. ती अखेरची छत्री, तिचे पट्टे हार्नेसला कायमचे शिवलेले, कारण राखीव चुकून सुटून जाणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून शेपटीपासून सुटण्यासाठी ओढायला त्याच्यापाशी एकही हँडल नव्हतं.

त्याच्याकडे एक हुक नाइफ होती. तळहातात मावणारी, आकड्यासारखी वळलेली सुरी. धार फक्त आकड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे दोरी कापता येते पण अंगाला इजा होत नाही. ती बाळगावीच असा नियम नव्हता. अनेक जण वजन वाचवायला किंवा आळसाने ती सोबत घेत नाहीत.

तेरा जण दारातून बाहेर पडले. दोघे थांबले आणि दारात उभे राहून पाहत राहिले. खाली लोंबणाऱ्याने कापायला सुरुवात केली. विरळ हवा, गारठा, दुखावलेले पाय, तोंडावर विमानाचा वारा. एकेक करत त्याने अकरा दोऱ्या कापल्या. उरलेल्या कापडाला ताण सोसवला नाही, ते फाटलं, आणि तो शेपटीपासून सुटून खाली पडू लागला.

आता त्याच्या अंगाभोवती फाटलेल्या राखीवचे अवशेष आणि लोंबत्या दोऱ्या होत्या, आणि जवळ एकच पॅराशूट शिल्लक होतं, मुख्य. नेहमी मुख्य बिघडल्यावर राखीव असतं. त्याच्याबाबतीत मुख्यच शेवटचं झालं होतं. त्याने ते उघडलं. राखीवच्या दोऱ्यांत गुंतूनही ते पूर्ण फुगलं. किरकोळ दुखापतींवर तो जमिनीवर उतरला.

वर उरलेले दोघेही विमानातून बाहेर पडले. वैमानिक आता एकटा होता. शेपटीचा पंख मोडका, नाक वर-खाली करण्यावर अर्धामुर्धाच ताबा. त्याने ब्रिस्बेनच्या नियंत्रण केंद्राला ‘मेडे’ हा आणीबाणीचा संदेश दिला. त्याच्याही पाठीवर आणीबाणीचं पॅराशूट होतं आणि ताबा गेला तर विमान सोडून उडी घ्यायची त्याची तयारी होती. २,५०० फुटांच्या सुमारास आला तेव्हा त्याला खात्री वाटली की विमान उतरवता येईल. त्याने ते टलीलाच सुखरूप उतरवलं. या सगळ्या प्रकरणात त्याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं, हे मला खटकतं. त्याने विमान हाताळलं म्हणून शेपटीखालच्या माणसाला त्या अकरा दोऱ्या कापायला वेळ मिळाला.

तीन महिन्यांनी

डिसेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल आला, सोबत घटनेची चित्रफीतही. मंडळाचे मुख्य आयुक्त अँगस मिचेल यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी साध्या आहेत. विमानातून बाहेर पडताना स्कायडायव्हरने आपल्या हँडलांचं भान ठेवावं, आणि नियमात नसली तरी हुक नाइफ जवळ बाळगावी. विमानाचं वजन आणि त्याची मांडणी मर्यादेत आहे याची उड्डाणाआधी खातरजमा झाली नव्हती, हेही अहवालात नोंदलं आहे. घटनेचं कारण ते नव्हतं. पण तीही जमिनीवर करायची एक तपासणीच होती.

महाराष्ट्रातून दरवर्षी किती तरुण-तरुणी हौसेने पहिली उडी घ्यायला जातात. बहुतेकांची ती टँडेम उडी असते, प्रशिक्षकाच्या छातीशी बांधून घेतलेली, आणि त्यांच्या हाती फारसं काही नसतं. तरी तीन गोष्टी त्यांना मागता येतात. राखीव पॅराशूटची घडी कधी घातली त्याची नोंद दाखवा. विमानात चढण्याआधी दुसऱ्या माणसाकडून प्रशिक्षकाच्या पाठीवरची पिन तपासून घ्या. आणि प्रशिक्षकाकडे हुक नाइफ आहे का ते विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाही. तो सुरी काढून दाखवतो. जो चिडतो, त्याच्यासोबत वर जाऊ नये.